सहाव्या पायरीवरचा काटा

मित्रांनो, मी एक जुना रेग्युलेटर आहे. लगेच भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघू नका. तो पंख्याचा रेग्युलेटर माझ्या नात्यातला असेलही, पण फार लांबच्या. आमचं जाणं-येणं नाही. मी विजेच्या लाइनवरचा रेग्युलेटर. दोन खांबांच्या मध्ये लोखंडी माचीवर बसलेलं, राखाडी रंगाचं, तेलाने भरलेलं मोठं पिंप तुम्ही कधी पाहिलं असेल, तर तो मी किंवा माझा एखादा भाऊबंद. पाहिलं नसेल तर तुमचा दोष नाही. आमच्याकडे मान वर करून बघायची लोकांना सवयच नसते, आणि माझ्या साऱ्या कहाणीचं मूळ तिथेच आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक शेडमध्ये दहा-बारा बायका ओळीने बसून तांब्याची तार गुंडाळत असत. माझी तार जिने गुंडाळली, तिच्या तीन बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या होत्या. प्रत्येक वेढा मोजताना ती ओठ हलवायची. मध्येच कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, कारण मोजणी चुकली की सगळी गुंडाळी उलगडून पुन्हा पहिल्यापासून. मग त्या गुंडाळीतून जागोजाग टोकं बाहेर काढली, त्यांच्यावरून सरकणारा एक हात बसवला, सगळं पिंपात उतरवून वरून तेल ओतलं आणि माझ्या तोंडावर घड्याळासारखी एक तबकडी लावली. मधोमध शून्य, उजवीकडे सोळा पायऱ्या चढत्या, डावीकडे सोळा उतरत्या, आणि एक लाल काटा. तपासनिसाने काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिला, माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "जा, बेटा." आयुष्यात मला मिळालेला तो एकमेव आशीर्वाद.

आता माझं काम सांगतो. कंटाळू नका, थोडकंच आहे. वीज सबस्टेशनमधून निघते तेव्हा तिचा दाब, म्हणजे व्होल्टेज, भरपूर असतो. वाटेत घरं, दुकानं, पंप तिला ओढत राहतात, ताराही आपला वाटा खातात, आणि लाइनच्या शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत ती दमून जाते. कोणत्याही घराला दोनशे सोळाच्या खाली मिळू नये आणि दोनशे चव्वेचाळीसच्या वर जाऊ नये, असा नियम. मी लाइनच्या मध्यावर बसून दाब बघत असतो. कमी झाला की एक पायरी चढतो, वाढला की एक उतरतो. पायरी बदलताना माझ्या पोटातून आवाज येतो, 'खट'. पण दाब हलला रे हलला की मी पायरी बदलत नाही. अर्धा मिनिट थांबून खात्री करून घेतो. उतावळेपणा माझ्या स्वभावात नाही.

मला बसवलं ती जागा एका वळणावर होती. रस्त्याच्या पलीकडे शिवणाचं एक दुकान होतं. एकच खोली, दाराशी मोटारीवर चालणारं यंत्र, मागे कापडाचे गठ्ठे, आणि टेबलाच्या वर लोंबणारा एक बल्ब. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळा रस्ता मावशी म्हणायचा, म्हणून मीही म्हणतो. त्या एकट्याच राहत. गळ्यात सदैव मापाची फीत. शाळांचे गणवेश शिवायचं काम त्यांच्याकडे असे. माझा आवाज रस्ताभर जाई, पण त्याची दखल घेत त्या एकट्या मावशी. मी 'खट' केलं की यंत्रावरून मान न उचलता म्हणायच्या, "लागली बाई डब्याला उचकी. कोण आठवण काढतंय एवढं?" आठवण कोणी काढत नव्हतं, हे तुम्हाला सांगायला नको.

माझी देखभाल करणारे लाइनमन सायकलच्या दांड्याला बांबूची शिडी बांधून फिरायचे. वळणावर शिडीचं मागचं टोक रस्ता झाडल्यासारखं फिरायचं आणि लोक पटापट बाजूला व्हायचे. त्यामुळे त्यांचं नाव पडलं शिडीकाका. कामाला चोख, बोलायला गमत्ये, आणि सांगितलेली गोष्ट कधी न टाळणारे. खांबाखाली, हात पोहोचेल एवढ्या उंचीवर माझी एक पेटी होती. तिच्यात दोन मुख्य गोष्टी. वर एक गोल बटण, ज्याने किती दाब राखायचा ते मला सांगायचं. खाली एक छोटा खटका, ज्याच्या एका बाजूला लिहिलं होतं 'आपोआप' आणि दुसऱ्या बाजूला 'हात'. खटका 'आपोआप'वर असला की माझं मी बघतो. 'हात'वर असला की माणूस सरकवेल तेवढाच सरकतो. मग वरचं गोल बटण कितीही फिरवलं तरी मला त्याचं काही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आमच्या सबस्टेशनमधून बारा लाइनी निघत. संध्याकाळी सात वाजले की सगळीकडचे दिवे एकदम लागत आणि सबस्टेशनला थोडं कमी पडे. अगदी थोडं. आमची लाइन सगळ्यांत लहान, तिच्यावर ना मोठं इस्पितळ ना कचेऱ्या. सगळ्यांना मिळून जेवढं कमी पडे, साधारण तेवढीच वीज आमची एक लाइन घेत होती. मग काय, रोज सात ते आठ आमचीच लाइन बंद. गरीब बिचारी कोणीही हाका म्हणतात, तशी आमची गत.

त्या तासाचा सगळ्यांत जास्त त्रास मावशींना. दिवसभर गिऱ्हाइकं मापं द्यायला येत, कटाई चाले; काज, बटणं, हातशिलाई हे बारीक काम त्या संध्याकाळी करत. शाळा उघडायच्या दिवसांत तर तास वाया घालवणं परवडायचं नाही. मेणबत्ती लावून, कापड नाकाजवळ धरून त्या टाके घालत बसायच्या. डोळ्यांतून पाणी यायचं. पदराने पुसून पुन्हा टाका. डॉक्टरांनी बजावलं होतं की अंधुक उजेडात डोळ्यांना ताण देऊ नका. पण डॉक्टर काही गणवेश शिवून देणार नव्हते.

अशात सबस्टेशनला नव्या अभियंताबाई आल्या. तरुण होत्या, भरभर चालायच्या आणि कोणाशीही बोलताना आधी समोरच्याचं काम काय ते विचारायच्या. एके दुपारी शिडीकाकांना घेऊन त्या माझ्या खांबाखाली आल्या आणि माझ्या काट्याकडे पाहून म्हणाल्या, "काका, आपण सगळ्यांना इतकं चढं व्होल्टेज का देतो?"

"मॅडम, शेवटच्या घराला कमी पडायला नको म्हणून. पहिल्यापासून असंच आहे."

"पण त्यापायी मधल्या सगळ्यांना जास्त मिळतं. बल्ब, पंखे गरजेपेक्षा जास्त वीज खातात. हाच दाब नियमात बसेल एवढा खाली आणला, दोनशे चोवीस-पंचवीस, तर कुणाला कळणारसुद्धा नाही आणि शंभरातले तीन-चार युनिट वाचतील."

मावशी रस्त्यापलीकडून ऐकत होत्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात त्यांना कधी संकोच वाटला नाही. तिथूनच म्हणाल्या, "म्हणजे वर्गात एक पोरगं उंच, म्हणून सगळ्यांच्याच विजारी लांब शिवायच्या. कापड फुकट!"

अभियंताबाई हसल्या आणि रस्ता ओलांडून त्यांच्या पायरीवर जाऊन बसल्या. "अगदी तेच, मावशी. आणि बाराही लाइनींचं हे कापड वाचलं ना, तर साताला तुमची लाइट घालवायची गरजच उरणार नाही."

मावशींचं यंत्र थांबलं. "खरं सांगता?"

"आधी तुमच्या लाइनवर करून दाखवते. सहा महिने. वाचलेली वीज कागदावर दिसली की साहेब बाकीच्या अकरा लाइनींना परवानगी देतील. पुढच्या शाळा उघडतील तेव्हा तुम्ही साताला दिव्याखाली बसलेल्या असाल."

मित्रांनो, त्या दिवशी माझं तेल अभिमानाने फुगलं. इतकी वर्षं मी एक डबा होतो. आता एका बाईचे डोळे माझ्यावर अवलंबून होते.

प्रयोगाची रीत सोपी होती. विषम तारखेला जुनंच चढं व्होल्टेज, सम तारखेला उतरतं. रोज सकाळी सात वाजता शिडीकाकांनी यायचं, गोल बटण त्या दिवसाच्या आकड्यावर फिरवायचं आणि वहीत लिहायचं. तिकडे सबस्टेशनला रोजचे युनिट टिपायचे. उतरत्या दिवसांचे युनिट कमी आले की जिंकलं. व्होल्टेजचा आलेख आपोआप काढणारं एक यंत्र अभियंताबाईंनी मागितलं होतं. मोठे साहेब म्हणाले, "वही आहे ना? मग यंत्र कशाला?" म्हणून वही. तिच्यात चार रकाने आखले होते: तारीख, वेळ, बटण कितीवर, सही. माझा काटा कुठे आहे, यासाठी रकाना नव्हता. शिडीकाकांनी मावशींकडून जाड दोरा मागून आणला आणि ती वही पेटीच्या आत टांगून ठेवली.

पहिले तीन आठवडे दृष्ट लागण्यासारखे गेले. सम तारीख उजाडली की मी खट, खट करत खाली उतरे, विषम तारखेला वर चढे. मावशी म्हणायच्या, "अगो बाई, आज उचक्यांचा कारखानाच उघडला!" उतरत्या दिवसांचे युनिट खरंच कमी येत होते. अभियंताबाई एकदा सायकलवरून जाता जाता मावशींना नुसता अंगठा दाखवून गेल्या.

मग तो दिवस आला. शेवटच्या घरून तक्रार आली की दिवा मिणमिणतो. शिडीकाका दुपारी आले. त्यांनी माझा खटका 'आपोआप'वरून 'हात'वर टाकला, काटा सरकवत चढत्या सहाव्या पायरीवर नेला, आणि फरक पडतो का ते बघायला सायकलवरून शेवटच्या घरी गेले. दोष माझा नव्हताच. तिथल्या खांबावरचा जोड सैल झाला होता. तो त्यांनी आवळला, दिवा लख्ख लागला. आता परत येऊन माझा खटका पूर्ववत करायचा, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात त्यांचा जावई धापा टाकत तिथे पोहोचला. काकांच्या मुलीला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं होतं. शिडी तिथेच खांबाला टेकवून शिडीकाका जे निघाले, ते तडक दवाखान्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ते आले ते हसतच. "नात झाली, मावशी! तोंड गोड करा," म्हणून त्यांनी पुडा पुढे केला. मग माझी पेटी उघडली, त्या दिवसाच्या आकड्यावर बटण फिरवलं, वही हातात घेऊन झोकात सही केली आणि वही सोडून दिली. वही लोंबकळली ती बरोबर त्या खालच्या खटक्यावर.

असे ते रोज आले. एक दिवस चुकला नाही, एक आकडा चुकला नाही. वही उचलली की त्यांचे डोळे वहीकडे, वही सोडली की खटका वहीखाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्याचा अर्थ मला तेव्हा कळला. ते रोज बटण फिरवत होते आणि मी सहाव्या पायरीवर मख्खासारखा बसून होतो.

आता मी तुम्हाला एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो. त्या महिन्यांत मी सुखात होतो. चढ-उतर नाही, खटखट नाही, पोटाला आराम. आणि वर स्तुती! व्होल्टेज चढंच राहिल्यामुळे सगळीकडे दिवे झगमगायला लागले होते. "आपल्याकडे लाइट हल्ली काय झकास असते!" असं लोक खांबाखाली थांबून म्हणायचे. कधी नव्हे ते माना वर करून माझ्याकडे बघायचे. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढलो. मावशींचा बल्ब तीन महिन्यांत चार वेळा उडाला, ते मी पाहिलं आणि मनावर घेतलं नाही. मला तोंड नाही, म्हणून मी बोललो नाही, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत आलो. पण तोंड असतं तरी मी तेव्हा बोललो असतो का? मला खात्री देता येत नाही.

एकाच माणसाला शंका आली. एका सकाळी मावशी दुकानाची फळी काढता काढता म्हणाल्या, "शिडीकाका, तुमचा डबा हल्ली उचक्या देत नाही हो."

"बरं झालं की!" शिडीकाका सही करत म्हणाले. "सुंठीवाचून खोकला गेला."

दोघंही हसले. मला वाटतं, मीही मनात हसलो.

तिकडे युनिटांमधला फरक नाहीसा झाला होता. उतरता दिवस आणि चढता दिवस सारखेच. अभियंताबाई कोड्यात पडल्या. एकदा त्या स्वतः आल्या, माझी पेटी उघडून उभ्या उभ्या सगळी वही वाचली. पान न् पान बरोबर. मग मान वर करून माझ्या काट्याकडेही त्यांनी पाहिलं. काटा चढत्या सहाव्या पायरीवर होता. पण त्या दिवशी तारीख होती विषम. काटा वरच असायला हवा होता. एक दिवस आधी किंवा एक दिवस नंतर त्या आल्या असत्या, तर सगळं उघड झालं असतं. त्यांनी वही सोडली, पेटी लावली आणि सावकाश चालत निघून गेल्या. त्यांना सावकाश चालताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

सहा महिने संपले. मोठ्या साहेबांनी कागद पाहिले आणि म्हणाले की पहिल्या तीन आठवड्यांत दिसतो तो फरक हवेतल्या गारव्याचा, बाकी शून्य. अहवाल वर गेला: या पद्धतीने वीज वाचत नाही. अकरा लाइनींची परवानगी राहिली बाजूला, आमचीही लाइन जुन्या चढ्या आकड्यावर आणायचा हुकूम निघाला. महिनाभरात अभियंताबाईंची बदली झाली. जाण्याआधी त्या मावशींच्या दुकानात आल्या.

"नाही जमलं, मावशी," त्या म्हणाल्या. "तुम्हाला उगाच आशा लावली."

"अहो, आशा लावायला तरी कोण येतं?" मावशी म्हणाल्या. "बसा. जाताना असं उभ्यानं जाऊ नये."

पण त्या बसल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी शिडीकाका वही परत न्यायला आले. कचेरीत जमा करायची होती. दोरा कापला, वही हातात घेतली, आणि पेटी लावता लावता त्यांचा हात थबकला. आता खटक्यावर पांघरूण नव्हतं. 'हात'. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं. हुकूम अजून कचेरीतच अडकला होता, म्हणून वरचं गोल बटण प्रयोगाच्या शेवटच्या दिवसाच्या, उतरत्या आकड्यावरच होतं. त्यांनी खटका 'आपोआप'वर टाकला.

मी माझ्या पद्धतीप्रमाणे अर्धा मिनिट थांबलो. मग खट. मग पुन्हा खट. सहावरून पाच, पाचवरून चार, शून्य ओलांडून खाली तीन. नऊ वेळा. शिडीकाका बोटांवर मोजत होते. नववं बोट मिटलं तेव्हा त्यांचा चेहरा माझ्या रंगासारखा राखाडी झाला होता.

"अहो, लागली की परत उचकी!" मावशी आनंदाने दारात येऊन म्हणाल्या.

शिडीकाका रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी मावशींना सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही. मावशी ऐकत राहिल्या आणि मग गळ्यातली फीत काढून उगाच गुंडाळत बसल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शिडीकाका मोठ्या साहेबांकडे अर्ज घेऊन गेले. चूक माझी आहे, प्रयोग पुन्हा करा. साहेबांनी अर्ज वाचला, खणात टाकला आणि म्हणाले, "अहवाल वर गेलाय. आता उकरून काढलंत तर चौकशी तुमचीच लागेल."

"लागू दे, साहेब."

"आणि माझी?" साहेब म्हणाले. खण बंद झाला तो कायमचा. हे शिडीकाकांनीच माझ्याखाली उभं राहून दुसऱ्या लाइनमनला सांगितलं, म्हणून मला माहीत.

त्यांनी अभियंताबाईंना पत्र लिहिलं. एका सुट्टीच्या दिवशी त्या सकाळच्या गाडीने आल्या. माझी पेटी उघडून त्या खटक्याकडे पाहत उभ्या राहिल्या. शिडीकाका मान खाली घालून बाजूला.

"मॅडम, माझ्यामुळे झालं."

"काट्यासाठी रकाना मी ठेवला नव्हता, काका. ती चूक माझी. तुम्ही रोज सांगितलेलं केलंत."

"केलं," शिडीकाका म्हणाले. "पण बघितलं नाही."

प्रयोग पुन्हा मागावा, असं शिडीकाकांनी सुचवून पाहिलं. अभियंताबाईंनी मान हलवली. "मी आता तिथं नाही. आणि आता मागितला, तर म्हणतील बाई हवे तसे आकडे आणायला निघाल्यात. एकदा खोटं ठरलेलं खरं करायला फार मोठा माणूस लागतो. मी नाही तेवढी." मग त्यांनी पेटी हळूच लावली, आणि दुपारच्या गाडीने परत गेल्या.

हुकुमाप्रमाणे मला जुन्या चढ्या आकड्यावर लावण्यात आलं. मी पुन्हा नेमाने काम करू लागलो, पण वरच्या वर. रोज सातला लाइन बंद व्हायची. रोज मावशी मेणबत्ती लावायच्या, आणि हात थकले की पायरीवर येऊन बसायच्या. शिडीकाकांची घरी जायची वेळही सातचीच होती. त्यांनी रस्ता बदलला. मागच्या बाजूने, उकिरड्याला वळसा घालून ते जाऊ लागले. सकाळी काम असलं तर येत, पेटी उघडत, खटका बघत, काटा बघत, मग पुन्हा खटका बघत. मावशी फळी काढायच्या आत निघून जात. निवृत्त झाल्यावर तर तेही संपलं.

असं सहा वर्षं चाललं.

मग सबस्टेशनला मोठा ट्रान्सफॉर्मर आला. त्या दिवशी सात वाजले आणि आमची लाइन चालूच राहिली. रस्त्यावर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मावशींचा बल्ब टेबलावर लख्ख जळत होता. आणि मावशी उठून, नेहमीप्रमाणे, पायरीवर येऊन बसल्या.

थोड्या वेळाने वळणावरून एक सायकल आली. शिडी नसल्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. शिडीकाका उतरले, सायकल भिंतीला टेकवली आणि पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसले.

"लाइट आहे की हो," ते म्हणाले. "आत बसा ना."

"सवय झाली. सातला पाय आपोआप बाहेर येतात."

"काम नाही हातात?"

"आहे की. पण आता सरळ शिवण मारते तेवढीच. काज, बटणं, हातशिलाई बाहेर देते. सुई ओवता येत नाही." मग त्या घाईने म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, वयानं होतंच."

शिडीकाका रस्त्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं होतंत. आवाज येत नाही म्हणून. आणि मी हसलो."

"मीपण हसले होते."

"तुम्ही हसलात तर चालत होतं. डबा माझ्या ताब्यात होता."

मावशींनी विचारलं, "नात केवढी झाली?"

"सहा पूर्ण झाली. शाळेत जाते. तिचा वाढदिवस आला की घर आनंदात असतं, आणि माझ्या घशाखाली घास उतरत नाही. जेवढी ती मोठी, तेवढी माझी चूक मोठी."

"पोरीच्या दिवसाला असं बोलू नये," मावशी ठणकावून म्हणाल्या. "तिला घेऊन या एकदा. झग्याचं माप घेते. माप घेता येतं मला अजून."

त्यांच्या पाठीमागे दुकान उजेडाने भरलेलं होतं आणि आत कोणी नव्हतं. आठ वाजेपर्यंत दोघं तसेच बसून राहिले.

डॉक्टर म्हणतात ते खरं असेल. वयाने होतंही असेल. मी यंत्र आहे, डोळ्यांतलं मला काही कळत नाही. पण त्या सहा वर्षांतली प्रत्येक मेणबत्ती मी समोरून पाहिली आहे, आणि मी कुठल्या पायरीवर बसून राहिलो म्हणून ती लागली, तेही मला माहीत आहे.

आता मला खाली उतरवलं आहे. भांडाराच्या आवारात, तेल काढून घेतलेला, मी उताणा पडलो आहे. माझ्या जागी बसलेला नवा रेग्युलेटर आपला काटा कुठे आहे ते घडोघडी स्वतःच कचेरीला कळवतो म्हणे. आणि बाराही लाइनी आता बेताच्या व्होल्टेजवर चालतात, वीज वाचते, असं परवा दोन कामगार बोलत होते. म्हणजे अभियंताबाईंचंच बरोबर होतं. हे त्यांना कोणी कळवलं की नाही, देव जाणे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. वही नीट भरा, पण भरून झाली की नजर उचलून एकदा ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्याकडेही बघा. रोजचा आवाज थांबलाय असं कोणी सांगितलं, तर आधी उठून बघून या, हसायचं ते नंतर हसा. आणि तुमचं कौतुक अचानक वाढलं, तर आपण नक्की काय केलं, हे स्वतःला विचारा. मी विचारलं नाही. दोष सापडल्यावर खटका फिरवायला शिडीकाकांना क्षणभर पुरला. मावशींची ती सहा वर्षं मात्र आम्हा दोघांनाही परत देता आली नाहीत.